सॅक्सोफोनवाल्या आयव्हीच्या गावांना: लीड्स ते क्लॅक्टन

आयव्ही बेन्सन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. १९१३ साली लीड्समध्ये जन्मलेली सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारी बाई. दुसरं महायुद्ध पेटलं त्या सुमाराला तिने फक्त बायकांचा डान्स बँड उभा केला आणि तो थेट १९८२ पर्यंत चालवला. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा चार सीझन टिकला तरी मालकाला शाल-श्रीफळ देतात, म्हणजे बघा.

मी सांगलीकडच्या एका ऑर्केस्ट्रात आधी अॅकॉर्डियन आणि पुढे कीबोर्ड वाजवत होते. शैला त्याच ऑर्केस्ट्रात गायची. मॅटॅडोरमध्ये स्पीकरच्या खोक्यांवर झोपून आम्ही दोघींनी अर्धा महाराष्ट्र पाहिलेला आहे. आयव्हीबद्दल वाचायला घेतलं तर निम्मा मजकूर त्या मुलींच्या गाऊनबद्दल आणि उरलेला कोण कुणाबरोबर पळून गेली याबद्दल. मला भलत्याच गोष्टींची उत्सुकता होती. सुपारी कोण ठरवायचं? वाद्यं कोण उचलायचं? जेवण शोच्या आधी की नंतर? भाची लीड्सला असते, तिने व्हिसाचं आणि तिकिटांचं सगळं पाहिलं. गणपती आटोपले आणि आम्ही निघालो.

सोमवार, लीड्स

होल्बेक हा लीड्स स्टेशनच्या दक्षिणेचा जुना कामगार भाग. लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, मधेच बंद पडलेली गिरणी, आणि उतारावरून खाली दिसणारं काचेचं नवं शहर. सिमेटरी रोडवरच्या एका घरावर आयव्हीच्या नावाची निळी पाटी आहे. घरात माणसं राहतात, त्यामुळे समोरच्या फुटपाथवरूनच बघावी. बेल वाजवून त्रास देऊ नये.

पाऊस म्हणावा तर नाही आणि नाही म्हणावा तर चष्मा ओला, असं सगळं हवामान. पाटीचा फोटो घेत होतो तेवढ्यात बाजारहाटाची चाकांची पिशवी ओढत एक म्हातारी आली. "तिच्या नात्यातल्या का तुम्ही?" तिने विचारलं. शैलाचं इंग्रजी बेताचं, पण उत्तर चोख: "सेम बिझनेस." म्हातारीला ते इतकं आवडलं की तिने पिशवी भिंतीला टेकवली आणि अर्धा तास गप्पा मारल्या. तिचा नवरा तरुणपणी इथल्या वर्किंग मेन्स क्लबमध्ये ड्रम वाजवायचा. हे क्लब म्हणजे कामगारांनी वर्गणी काढून चालवलेले अड्डे. तिथे बिअर, पत्ते आणि शनिवारी रात्री गाणंबजावणं. प्रेक्षक कसे, हेही तिने सांगितलं. आवडलं नाही तर सरळ पाठ फिरवून खेळाच्या गोष्टी करायला लागायचे.

असल्या क्लबांत आयव्ही वयाच्या आठव्या वर्षापासून 'बेबी बेन्सन' या नावाने पियानो वाजवत होती. वडील डग्लस, ज्यांना सगळे 'डिगर' म्हणत, ते वाजवणारे. पोरीने मैफलीतली पियानोवादक व्हावं ही त्यांची इच्छा. मग बेनी गुडमन या अमेरिकन जॅझ क्लॅरिनेटवाल्याची रेकॉर्ड तिच्या कानावर पडली आणि पोरगी क्लॅरिनेटकडे वळली. घरोघरी होतं तेच. आमच्या घरी मला भावगीतांची पेटी शिकवायची ठरलं होतं.

मंगळवार, आर्मली मिल्स

एअर नदीच्या काठी एका जुन्या लोकरीच्या गिरणीत लीड्सचं औद्योगिक संग्रहालय आहे. सोमवारी साधारण बंद असतं, म्हणून आम्ही हा क्रम लावला. तळमजल्यावर फार वेळ घालवू नका, शिवणकामाचा भाग गाठा. लीड्स हे तयार सुटांचं शहर. माँटेग्यू बर्टनच्या कारखान्यात हजारो बायका कामाला होत्या आणि शाळा सुटल्यावर आयव्हीही त्यांतली एक झाली. आठवड्याला एक शिलिंग बाजूला टाकून तिने सॅक्सोफोनसाठी पैसे साठवले. दिवसा कारखाना, रात्री डान्स हॉल.

तिथे शिलाईयंत्रं मांडून ठेवली आहेत. मी एका यंत्रापाशी बराच वेळ उभी राहिले. ज्या जागी शिवणारीच्या उजव्या हाताचा पंजा टेकत असेल, तिथला काळा रंग उडून खालचं लोखंड गुळगुळीत झालं होतं. दिवसभर या यंत्रावर बसलेल्या बोटांनी संध्याकाळी सॅक्सोफोनच्या चाव्या कशा दाबल्या असतील हे वाजवणारीलाच कळेल. बोटं कडक होतात आणि करंगळी तर ऐकतच नाही. माझं पहिलं अॅकॉर्डियन भिशीच्या पैशांतून आलं. तेव्हा मी पापडाच्या कारखान्यात जायचे आणि रात्री सरावाला बसले की मनगटापासून पुढचा हात दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायचा. शैलाने तिथल्या माणसाला विचारलं, मशीन चालवून दाखवता का? तो हसून नाही म्हणाला, मग आजूबाजूला बघून चाक अर्धा फेरा फिरवलं. तेवढ्यावर ती खूश.

शाकाहारी मंडळींसाठी सूचना: यॉर्कशायरमध्ये फिश अँड चिप्सच्या दुकानांत बटाट्याचे चिप्ससुद्धा गाईच्या चरबीत तळायची परंपरा आहे. "बीफ ड्रिपिंग की व्हेजिटेबल ऑइल?" असं आधी विचारा, कुणी राग मानत नाही. आम्ही कर्कगेट मार्केटमधून फळं आणि चीज घेतलं आणि रात्री भाचीकडे पिठलं-भात.

बुधवार, ब्लॅकपूल

आमची गाडी रद्द झाली, पुढची प्रेस्टनला थांबून राहिली, आणि तीन डब्यांत सहा डब्यांची माणसं. असो. कसारा लोकलमध्ये उभं राहिलेल्या माणसाला त्याचं काय.

समुद्रकाठच्या या गावातला ब्लॅकपूल टॉवर १८९४ चा आणि त्याच्या पोटातला बॉलरूम, म्हणजे नाचाचा हॉल, वास्तुकार फ्रँक मॅचमने नव्याने सजवला तो १८९९ चा. तिकीट काढून आत जाता येतं, चहा-सँडविच मागवता येतं आणि हवं तर नाचताही येतं. मात्र खासगी कार्यक्रम असला तर दार बंद, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. सोनेरी सज्जे, रंगवलेलं छत, आणि महॉगनी, ओक, अक्रोड अशा लाकडांच्या ३०,६०२ ठोकळ्यांची जमीन. मंचावर वुर्लित्झर ऑर्गन चालू होता आणि पन्नासेक जोडपी, बहुतेक सत्तरी ओलांडलेली, गोल फिरत होती.

आयव्हीने एडना क्राउडसनच्या 'रिदम गर्ल्स' या बायकांच्या बँडमध्ये १९२९ ते १९३५ अशी वर्षं काढली. तिचं खरं शिक्षण ते. डान्स बँडचं काम कसलं असतं ते मला या हॉलमध्ये बसून कळलं. मैफलीत लोक तुमच्याकडे बघतात. इथे कुणी बघत नाही. त्यांचं लक्ष पायांकडे, जोडीदाराकडे, शेजारच्या जोडीचा धक्का लागतो का याकडे. तुम्ही चुकलात तरच त्यांना तुम्ही दिसता. वॉल्ट्झ या नाचाला मिनिटाला ३० बार, म्हणजे तालाची आवर्तनं, आणि क्विकस्टेप या नाचाला ५०. रंगात येऊन लय चढवायची सोय नाही. आमच्याकडे शेवटच्या गाण्याला ढोलकीवाला लय वाढवत न्यायचा आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं. इथे तसं केलं तर दहाबारा म्हातारे आडवे होतील. अशी बांधलेली लय संध्याकाळभर, तीसुद्धा पुढ्यात ठेवलेला स्वरलिपीचा कागद बघत धरायची, आणि चेहरा हसरा ठेवायचा.

निळा ब्लेझर घातलेले एक आजोबा आले आणि शैलापुढे वाकून उभे राहिले. मला वाटलं ही आता लाजेल. ती पर्स माझ्याकडे फेकून गेलीसुद्धा. परत आली तेव्हा धापा टाकत म्हणाली, "अगं, झपतालापेक्षा सोपं आहे." साडीवर स्पोर्ट्स शूज. आजोबांनी दुसऱ्या नाचालाही बोलावलं.

गुरुवार, हेशमहून समुद्रात

आयल ऑफ मॅन हे बेट ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधोमध आहे. हेशम बंदरातून बोटीने पावणेचार तास. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा इथे चालतो, वेगळा काढावा लागत नाही. नोटा मात्र त्यांच्या स्वतःच्या. परत ब्रिटनमध्ये दुकानदार त्या घ्यायला कुरकुर करतात, तेव्हा निघण्याआधी खर्चून टाका. मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला टीटी ही मोटरसायकलींची शर्यत असते, त्या काळात राहायला जागा मिळणं कठीण.

बंदर सोडल्यावर तासाभरात बोट डोलायला लागली. मी आलेपाकाच्या वड्या चघळत क्षितिजावर नजर लावून बसले, शैला निवांत झोपली. आयव्हीच्या बँडमधल्या मुली दर उन्हाळ्यात असाच समुद्र ओलांडून, ट्रॉम्बोन आणि डबल बास घेऊन जात असणार. डबल बास म्हणजे माणसाएवढं धूड. आमच्या बसवाल्या कंडक्टरने एकदा अॅकॉर्डियनचं अर्धं तिकीट फाडलं होतं.

डग्लस या बेटाच्या राजधानीला उतरलो तर लख्ख ऊन. अर्धगोल किनारा, त्याला लागून पांढऱ्या-पिवळ्या उंच घरांची रांग. पूर्वीची ही सगळी बोर्डिंग हाउसं. रस्त्याने घोड्यांची ट्राम जाते, १८७६ साली सुरू झालेली. आमच्या घरमालकिणीने दारातच नियम सांगितले: नाश्ता साडेआठला, वाळू बाहेर झटकायची, रात्री जिन्यात आवाज नको. मी तिला म्हटलं, वाजवणाऱ्या मुली रात्री उशिरा परतायच्या तेव्हा कसं चालायचं? ती म्हणाली, तिच्या आजीच्या काळात कलाकारांना खोली देणाऱ्या मालकिणी वेगळ्या असायच्या आणि कोण चांगली, कोण रस्सा पातळ करते हे कलाकार एकमेकांना सांगायचे. आमच्याकडेही कोणत्या गावात मंडळाचं जेवण चांगलं, कुठे डबा घेऊन जायचा, याची यादी सगळ्यांना पाठ असायची.

शुक्रवार, व्हिला मरीना

ज्याच्यासाठी आलो ती ही जागा. समुद्राकाठच्या बागेत पांढरी इमारत आणि आत रॉयल हॉल. हा हॉल १९१३ साली उघडला, म्हणजे आयव्हीच्याच वयाचा. पन्नाशी-साठीच्या दशकांत तिचा बँड इथे उन्हाळी सीझन करायचा. त्या दिवशी कार्यक्रम नव्हता. तिकीट खिडकीवरच्या मुलीला आम्ही कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. तिने आयव्हीचं नाव ऐकलं नव्हतं, पण एका माणसाला बोलावलं आणि त्याने दहा मिनिटांसाठी दार उघडलं.

रिकामा हॉल वाजवणाऱ्याला खूप काही सांगतो. मी टाळी वाजवून पाहिली. आवाज सज्जाखाली जाऊन जरा रेंगाळून परत येतो. माणसांनी भरला की तो रेंगाळणार नाही, आणि तेव्हा पितळी वाद्यांना जोर लावावा लागेल. मंचावरून बघितलं तर सगळी जमीन नजरेत येते. सीझनचं काम मला फिरतीपेक्षा अवघड वाटतं. फिरतीवर तेच बारा तुकडे रोज नव्या गावात चालतात. इथे आठवडाभर सुट्टीवर आलेलं जोडपं रोज संध्याकाळी समोर असतं, त्याला रोज नवं हवं. म्हणजे सकाळी तालीम, नवे कागद, रात्री वाजवणं, आणि मधल्या वेळात इस्त्री. हो, गाऊनचं मला वाचायचं नव्हतं म्हटलं खरं, पण तोही कामाचाच भाग. सॅक्सोफोनचा पट्टा मानेत, खांदे उघडे, पोट आवळलेलं, आणि श्वास पोटातूनच घ्यायचा. पुरुष बँडवाले सूट घालून आरामात.

आयव्हीची खरी डोकेदुखी माणसं टिकवण्याची होती. युद्धात पुरुष वादक सैन्यात गेले म्हणून बायकांच्या बँडना दारं उघडली. १९४३ मध्ये बीबीसीने तिच्या बँडला आपला कायमचा बँड म्हणून घेतलं, तेव्हा पुरुष बँडमास्तरांनी केवढा गहजब केला. पण चांगली तयार झालेली मुलगी लग्न करून जायची, त्यातही अमेरिकन सैनिकांनी तिच्या बऱ्याच मुली नेल्या. मुलगी गेली की तिची पुन्हा शोधाशोध सुरू. इंग्लंडच्या उत्तरेत गिरण्यांचे आणि खाणींचे ब्रास बँड, म्हणजे पितळी वाद्यांचे बँड, होते, तिथे घरच्या पुरुषांबरोबर पोरीही कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य शिकायच्या. तिथून ती शाळा सुटलेल्या मुली उचलून आणायची आणि तयार करायची. वर्षानुवर्षं हेच. तिच्या हाताखालून अडीचशेच्या वर वादक गेल्या असं सांगतात. माझ्या मते चाळीस वर्षं बँड चालवण्यापेक्षा चाळीस वर्षं शिकवणी चालवणं हे तिचं मोठं काम आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलेलं आहे.

त्यांतल्या काही जणी पुढे गेल्या. ब्रास बँडात वाढलेल्या ग्रेसी कोलने ट्रम्पेटवर नाव कमावलं आणि १९५२ मध्ये स्वतःचा बायकांचा बँड काढला. ट्रॉम्बोन वाजवणारी शीला ट्रेसी १९७४ मध्ये बीबीसी रेडिओ ४ वर बातम्या वाचणारी पहिली स्त्री झाली. नाव ऐकून आमची शैला खूश. "म्हणजे मलाही आकाशवाणीत घ्यायला हवं होतं."

दार उघडणारा माणूस आमचं ऐकत होता. तो स्वतः मंचामागे सामान लावायचं काम करतो. त्याने विचारलं, तुमच्याकडे लोडिंग कोण करायचं? मी म्हटलं, सगळे, पण "ताई, तुम्ही राहू द्या" असं म्हणून माझ्या हातातली पेटी काढून घ्यायचे आणि बिदागीच्या वेळी "ताईंना लोडिंग नाही" म्हणून पन्नास रुपये कमी द्यायचे. तो इतक्या जोरात हसला की हॉल घुमला.

दुपारी जेवायला 'चिप्स, चीज अँड ग्रेव्ही', इथला लाडका पदार्थ. ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी मांसाची असते, विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांनी मात्र 'क्वीनीज' सोडू नयेत. लहान शिंपल्यातलं पांढरं गोड मांस, लोण्यात नुसतं परतलेलं. मी लसूण जास्त घालायला सांगितला. आणि पील गावचे किपर, म्हणजे धुरावलेले हेरिंग मासे. शैलाने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "सुक्या बांगड्याचा गोरा भाऊ."

शनिवार, विमानतळाच्या वाटेवर

डग्लसहून विमानतळाकडे जाताना रस्त्यात फेअरी ब्रिज लागतो. पूल ओलांडताना पऱ्यांना नमस्कार करायचा असतो, नाहीतर अपशकुन. आम्हाला वाटलं पर्यटकांसाठीची गंमत असेल. तर बसमधला टायवाला, लॅपटॉपवाला माणूससुद्धा खिडकीकडे बघून हळूच "हॅलो, फेअरीज" म्हणाला. आम्ही दोघींनी हात जोडले. घाटात म्हसोबाला हॉर्न वाजवून पुढे जाणाऱ्या ड्रायव्हरांबरोबर आयुष्य गेल्यावर हे काही अवघड नव्हतं.

रविवार, लंडन

लंडनवर सगळे लिहितात, म्हणून दोनच जागा. आर्गाइल स्ट्रीटवरचं पॅलेडियम हे नाट्यगृह. १९४४ मध्ये इथल्या जाहिरातीवर आयव्हीच्या बँडचं नाव सगळ्यांत वर होतं. आम्ही बाहेरून पाहिलं, तिकिटं आमच्या बजेटबाहेरची.

दुसरी जागा शाफ्ट्सबरी अव्हेन्यूच्या मागची आर्चर स्ट्रीट. बघायला गेलं तर काही नाही, दोनशे पावलांत संपणारी गल्ली, कचऱ्याचे डबे आणि सायकली. पण कित्येक दशकं सोमवारी दुपारी लंडनचे डान्स बँडवाले इथे रस्त्यावर उभे राहायचे. कुणाला आज रात्री ड्रमर हवा, कुणाला शनिवारच्या लग्नाला पियानोवाला, सगळं तोंडी ठरायचं, जुने पैसेही इथेच चुकते व्हायचे. नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रेची सुपारी द्यायला गावकरी येतात, तसाच बाजार. फरक एवढाच की या गल्लीत बाई क्वचितच उभी असायची. रस्त्यावर उभं राहून काम मिळतं तिथे जिला उभं राहता येत नाही, तिला स्वतःचा बँड काढण्यावाचून काय इलाज होता? आयव्हीचा बँड बायकांचाच का, याचं मला पटलेलं उत्तर या कचऱ्याच्या डब्यांपाशी मिळालं. शैलाला ते फारसं पटलं नाही. तिच्या मते बायकांचा बँड पोस्टरवर विकला जायचा, म्हणून काढला. वाद अजून मिटलेला नाही.

सोमवार, क्लॅक्टन

लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून दीड तासाची गाडी. परतीचं तिकीट एकदमच काढा, स्वस्त पडतं. क्लॅक्टन म्हणजे एसेक्सच्या किनाऱ्यावरचं जुनं सुट्टीचं गाव. लाकडी पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला धक्का, त्यावर आकाशपाळणे आणि नाणी टाकायची यंत्रं. पिअरवर चहा चांगला मिळतो. वारा मात्र असा की पदर दोन पिनांनीही राहत नव्हता.

बँड बंद केल्यावर आयव्ही इथे राहायला आली. युद्ध संपल्यावर बर्लिनमधल्या सैनिकांसमोर वाजवलेली, अमेरिकन सैन्याच्या तळांवर फिरलेली बाई इथे सुट्टीवर आलेल्या लोकांसाठी इलेक्ट्रिक ऑर्गन वाजवायची. १९९३ मध्ये ती गेली.

लिहिणारे हे वाक्य जरा हळहळून लिहितात. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसेना. हात चालत होते, ऐकायला माणसं होती, आणि पुढच्या ट्रम्पेटवालीचं लग्न ठरलंय का ही काळजी उरली नव्हती. पण चहा पिताना एक गोष्ट डोक्यात आली ती शैलाला सांगितली. इतकी वर्षं माणसं जमवण्यात घालवलेल्या बाईने शेवटी एकट्याने वाजवायचं वाद्य घेतलं.

"त्यात काय," शैला म्हणाली, "तू नाही का कीबोर्ड घेतलास. व्हायोलिन, बासरी, सगळं एका बोटात. मग मालकाने आपले तिन्ही व्हायोलिनवाले घरी बसवले."

"मालकाने बसवले. मी नाही."

"आणि पुढे रेकॉर्ड केलेले ट्रॅक आले, तेव्हा तुला कुणी बसवलं?"

मी म्हटलं, त्याच मालकाने, आणि वर माझ्या शेवटच्या तीन नाइटचे पैसेही ठेवून घेतले. ते अजून मागायचेत. शैलाने फोन काढला, त्याचा नंबर अजून तोच आहे का बघू म्हणाली. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. ऑर्केस्ट्रावाला माणूस त्या वेळी जागाच असतो.